डोंगरावरचं अक्षर

गावाच्या नावात झरे आहेत, गावात नाहीत.
क्विल स्प्रिंग्ज, नेवाडा. एक पेट्रोल पंप, एक शाळा
आणि माझं औषधांचं दुकान,
जिथे मी माणसांना आधी जन्मतारखेने ओळखते,
मग रक्तदाबाने,
नावाने सगळ्यात शेवटी.

पूर्वेच्या डोंगरावर इथल्या पोरांच्या पणजोबांनी
दगड रचून काढलेला क्यू आहे, घराहून मोठा.
पाऊस वर्षातून दोनदा येतो, येतो तो भांडायलाच,
आणि क्यूची शेपटी वाहून नेतो.
मग हायवेवरून जाणारे काउंटरवर विचारतात,
हा ओ कशाचा?
इन्सुलिनसाठी थांबलेला डेल्बर्ट
टोपी काढतो, परत घालतो.
बोलत काही नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी गाव चुना घेऊन वर जातं.
सहा वर्षं मी दुकानाचं निमित्त सांगितलं.
यंदा लुपे आर्विझूने शटरवर थाप मारली,
बादली हातात दिली.
आज कुणी आजारी पडणार नाही, म्हणाली,
सगळ्यांना सांगून ठेवलंय.

चढताना झुडपं पायाला ओरबाडत होती.
चुरगळलेल्या पानांना दवण्याचा वास,
थेट दवण्याचाच. मी दोनदा हात हुंगला.

वर चुना कालवताना मला एकटीलाच हसू फुटलं.
काय झालं? डेल्बर्टने विचारलं.
म्हटलं, आमच्याकडे चुना लावणं म्हणजे फसवणं.
तो विचारात पडला. पोरं ब्रश धरून ताटकळली.
मग म्हणाला, म्हणजे जिप्समच्या खाणवाल्यांनी
आम्हाला लावला, तो. पेन्शनसकट.
आणि इतका हसला, इतका,
की त्याला दगडावर बसवून
मी खिशातलं बिस्कीट खायला लावलं.

शेपटीचे दगड आम्ही दोघांनी रचले.
माझ्या भाषेत अक्षराचे पाय मोडतात,
हे मात्र त्याला सांगितलं नाही.
पाय मोडला की आवाज अर्ध्यात थांबतो, एवढंच.
अक्षर राहतं उभं
पुढच्याला टेकून.

संध्याकाळी कुणी हायवेवाला डोकेदुखीची गोळी घ्यायला आला.
दारातून मागे वळून बघत म्हणाला,
हा क्यू कशाचा?
मी नखांतला चुना कोरत होते.
बसा, म्हटलं, सांगते.
पण गोष्ट जिप्समपासून सुरू होते.