बिल नंबर ३१७

मोदी नंबर तीनच्या गल्लीत माझं दुकान.
दुकान म्हणजे काय, दोन शटरांमधली फट.
गिऱ्हाईक अजूनही आधी विचारतं, "काका नाहीत का?"
मी डोळ्यातलं भिंग न काढता सांगते,
"मीच काका समजा."

मे महिन्यातला सोमवार, दुपारचा दीड.
कूलरमध्ये पाणी नव्हतं, नुसता वारा, तोही तापलेला.
लोकचंद धनविजय आला
आणि काउंटरवर दोन्ही मनगटं ठेवली त्यानं,
बेड्या काढून घ्यायला आल्यासारखी.

डाव्या हातावर त्याची स्वतःची:
बर्डीतूनच घेतलेली, साडेआठशेची,
काचेवर तिरपा ओरखडा,
पट्ट्याच्या रेक्झिनचे पापुद्रे घामानं सुटलेले.

उजव्या हातावर डॉक्टरसाहेबांची,
रामदासपेठेतले, दातांचे.
सहा लाख चाळीस हजार.
पावती सोबत आणली होती, दुधाच्या पिशवीत गुंडाळून,
घड्याळापेक्षा तीच हरवायची भीती असावी तशी.

"सायबाची बंद पडते, ताई.
शनिवारी काढून ठेवतात, सोमवारी पाहाव तं मेलेली.
मग गाडीत बसले का मलाच विचारतात,
लोकचंद, किती वाजले?
अन् माझ्या घड्याळावर आपली लावून घेतात."
हे सांगताना तो हसला नाही.
म्हणून मलाही हसता येईना.

साहेबांचं मागचं झाकण उघडलं.
आत, जिथं कुणी बघत नाही तिथं,
कुणीतरी नक्षी काढून ठेवलेली.
पंचवीस माणकं, केसाहून बारीक स्प्रिंग,
आणि अर्ध्या चंद्रासारखं एक वजन:
हात हलला की ते फिरतं,
ते फिरलं की घड्याळ जेवतं.
दोन मिनिटं मी काहीच केलं नाही.
खोटं कशाला बोलू, सुंदर होतं.

मग लोकचंदची उघडली.
गोळीएवढा सेल, एक हिरवी चकती,
बाकी सगळी रिकामी जागा.
महिन्याला दहा सेकंद पुढे पळते, बस.
सेलचे साठ रुपये. आणि यंत्र गेलं
तर हिला कुणी दुरुस्त करत नाही,
मीसुद्धा.

साहेबांच्या घड्याळात बिघाड नव्हताच.
दात कोरणारा हात, तो स्थिरच हवा.
ती स्थिरता शिकायला किती वर्षं गेली असतील त्यांची,
पण घड्याळ उपाशी राहतं.

"येताना मीच घातली," लोकचंद म्हणाला,
"म्हटलं, चालू राहीन.
गाडी धंतोलीत लावली, मग पायीच."
"अख्खी बर्डी ओलांडून? कुणी पाहिलं नाही?"
"पाहिलं ना एका पोट्ट्यानं.
म्हणे, भाऊ, तीनशेत घेतली का?"
"मग?"
"मी म्हटलं, अडीचशे."

यंत्रावर लावून पाहिली, ठणठणीत.
धंतोली ते बर्डी, एवढ्याशा चालण्यानं
पोट भरून आली होती.

बिलबुक ओढलं.
'दुरुस्ती' पुढे काय लिहायचं?
'मालकाने हात हलवावा' असं लिहिलं, फाडलं.
'रविवारी ड्रायव्हरला घालायला द्यावे',
तेही फाडलं.
शेवटी लिहिलं: तपासणी, दोनशे.
त्याखाली: पट्टा, काळा, एक, नव्वद.

त्यानं उलटी अक्षरं वाचली.
"पट्टा कोनाच्या नावावर, ताई?"
"बिल एकच आहे ना," मी म्हटलं.

वेळ लावायची तेवढी राहिली.
माझ्या भिंतीवर अकरा घड्याळं,
अकरांची अकरा मतं.
म्हणून सवयीनं विचारलं मीही,
"लोकचंद, किती वाजले?"

त्यानं आधी डावं मनगट पाहिलं, मग उजवं.
दोन्हींवर नुसते पांढरे पट्टे,
उन्हानं सोडून दिलेले, एक जुना, एक आजचा फिकट.
दोन्ही घड्याळं माझ्या ट्रेमध्ये पोट उघडून पडलेली.
मग तो गल्लीत डोकावला.
"चहावाला भांडे घासून राहिला," म्हणाला,
"दोन झाले असतीन."