मागची पायरी

स्वान्सीत पहाटे साडेपाचला
ग्लेनिस मागच्या पायरीवर येऊन बसते,
अंगात नवऱ्याचा कोट, पायात दोन वेगळे मोजे.
हात आधी खिशात जातो.
तिथे पाकीट नाही, हे हाताला
अजून कुणी सांगितलेलं नाही.

अकरावा दिवस.
घशात कुणीतरी दार ठोठावतंय
वसुलीला आल्यासारखं.
ती निळी नळी ओठांना लावते, ओढते.
ब्लूबेरी!
चाळीस वर्षं राख खाल्लेल्या जिभेवर
कुणा नातवाच्या वाढदिवसाचा केक.
तिला हसू येतं, मग खोकला,
मग नुसतीच वाफ, कुंपणावरून
शेजारच्या एमरिसच्या कोबीवर.

तलफ जाते म्हणा. निदान बाजूला सरते.
पण सिगारेट संपायची.
बोटांना चटका बसला की कळायचं,
उठा बाई, बेकरीची बस येईल.
ही संपतच नाही.
विझवायला काही नाही, चिरडायला थोटूक नाही,
बसायचं म्हटलं तर दिवसभर बसता येईल.

आत किटली शिट्टी मारते.
ग्लेनिस नळी खिशात टाकते,
रिकाम्या फरशीवर
उगाच एकदा टाच घासते,
आणि आत जाते.