मंगळवारी, साधा भूतकाळ

पीटरहेडच्या चर्चमागच्या हॉलमधला हीटर
तापायला वीस मिनिटं घेतो,
तोवर सगळे कोट घालूनच शिकतात.
इशबेल बुकन फळ्यावर लिहिते :
काल तुम्ही काय काय केलंत? पाच वाक्यं.
साधीच हवीत, म्हणते. रोजची.
दात घासले, बस पकडली.
आणि शेवटी 'एड' लावायला विसरू नका,
दार ओढून घेतल्यासारखं.

दांग्वोले उभी राहते.
साबणाखालूनही तिच्या हातांना हॅडकचा वास येतो,
तिला ते ठाऊक आहे, म्हणून ती खिडकीजवळ बसते.
काल मी चारला उठले. काल मी मासे कापले.
'कटेड', ती म्हणते. इशबेल मान हलवते,
नाही गं, कट बदलत नाही. आज कट, कालही कट.
पुट तसंच. शट तसंच. हर्टसुद्धा.
दांग्वोले अंगठ्यावरच्या निळ्या पट्टीकडे बघते.
मग संपलं, हे कळायचं कसं?
सोपं आहे, इशबेल म्हणते. 'काल' लाव.

मी मागे, चहाच्या किटलीपाशी.
कप मोजणं आणि कुणी अडलं तर शब्द पुरवणं
एवढंच माझं काम.
माझ्या भाषेत 'तिने मासे कापले' म्हटलं
की क्रियापद माशांच्या बाजूला जाऊन उभं राहतं,
पाव कापला की पावाच्या.
जिने कापलं तिला एक 'ने' चिकटवून
आम्ही कडेला ठेवतो.
इंग्रजीला तेवढीही चौकशी नाही.
ती गेली, तो गेला, बोट गेली, दात गेला,
सगळ्यांना एकच वेन्ट.

ट्रॉलरवरून थेट आलेला क्रिसान्तो वाचतो :
काल मी झोपलो. मी झोपलो. मी झोपलो.
पाचही वाक्यं तीच.
हॉल हसतो. त्याला पाच खुणा मिळतात.

घियास आता बर्फाची खोकी उचलतो.
त्याच्या वहीत मात्र पीठ सांडलेलं :
मी पहाटे दुकान उघडलं.
मी कणीक मळली. मी भट्टी पेटवली.
मी शेजारणीला दोन रोट्या उधार दिल्या.
गेव्ह! इशबेल खूश होते. अगदी बरोबर!
मग चष्मा वर सरकवते. पण काल तर तू गोदीवर होतास,
मीच हात केला तुला.
घियास बोटं मोजतो. एक हात, दुसरा हात, आणखी एक बोट.
अकरा वर्षं, म्हणतो.
ती वहीवर पुन्हा नजर फिरवते.
चूक कुठेच नाही.
कालच्या भट्टीला आणि अकरा वर्षांपूर्वीच्या भट्टीला
शेपूट एकच.

पाचवं वाक्य राहिलं, कुणीतरी म्हणतं.
आय डिड नॉट लॉक द डोअर.

हीटर आता कुठे तापलाय. कुणी कोट काढत नाही.
इशबेल नियम सांगते, सवयीने,
कारण दुसरं काय सांगणार :
डिड नॉट आलं की क्रियापद मूळ रूपात राहतं.
लॉक्ड नाही. लॉक.
जे केलंच नाही
त्याला भूतकाळाचा प्रत्यय लागत नाही.
घियास मान डोलावतो.
हा धडा त्याचा आधीच झालेला आहे.

साडेआठला आम्ही खुर्च्या रचल्या.
मी कप धुतले, किटली पालथी घातली.
इशबेलने दिवा घालवला, किल्ली फिरवली,
तिच्या जुन्या फियाटकडे चालू लागली.
बंदराच्या उतारावर गेलेला घियास
तेवढ्यात परत आला,
दाराची मूठ ओढून पाहिली.
थोडं थांबला. पुन्हा ओढून पाहिली.
दांग्वोले तोवर कोपऱ्यापलीकडे गेली होती.
तिला चारला उठायचं होतं.