रकाना चौदा

प्रशिक्षणात साहेबांनी भिंतीवर जगाचा नकाशा पाडला.
चार रंग. श्रीमंत देश गडद निळे,
आपला कपाच्या तळाशी उरलेल्या चहासारखा.
"खालून दुसरा गट," साहेब म्हणाले,
आणि चहा मागवला.

माझ्या वाट्याला परदेशीपुऱ्यातली गल्ली,
एकशे चाळीस घरं, घरामागे अठरा रुपये.

केसरबाई बारगळांच्या खोलीत
फ्रिजवर चादर होती, चादरीवर गणपती,
पुढे नुकतीच लावलेली उदबत्ती.
मी फॉर्म उघडला आणि आतली मोटर घरघरली.
ती थांबेपर्यंत दोघी गप्प बसलो.
"देव घोरतात कधी कधी," केसरबाई म्हणाल्या.
मी 'नाही'वर खूण केली.

समोर टेंब्यांकडे सगळं उलट.
संध्याकाळी देवासहून मुलीला बघायला येणार होते.
मागून आणलेल्या सोफ्यावर मला बसवलं.
मासिक उत्पन्न विचारलं तर
भिंतीपलीकडे जाईल अशा आवाजात टेंबे म्हणाले,
"लिहा, पंचेचाळीस हजार!"
आत त्यांची बायको नव्या कपांवरच्या किमती
नखानं खरवडत होती. ऐकू येत होतं.

शब्बीरभाई जीरावनच्या पुड्या भरतात.
महिना त्यांना माहीत नाही, शेकडा माहीत आहे.
फॉर्म उलटसुलट बघून त्यांनी परत दिला,
रकाना चौदावर पिवळा अंगठा उमटला.
पुढच्या दहा घरांत
माझ्या बोटांना आमचूर आणि हिंगाचा वास.

नळावरची पोरगी मागेच लागली,
उत्पन्न म्हणजे काय?
शाळेत बाई म्हणाल्या, उत्पन्न होणे म्हणजे जन्मणे.
मी म्हटलं, तेच.
"मग लिहा ना, काल मांजरीला तीन झाली."
समासात लिहिलं: तीन.

एकशे बारा नंबरला कुलूप.
किल्ली माझ्याच पर्समध्ये.
बंद घराला तीनदा यायचं, असा नियम आहे.
पहिल्यांदा आले तेव्हा पाणी प्यायले.
दुसऱ्यांदा अठराला एकशे चाळीसनं गुणलं,
मागच्या मोजणीचे पैसे अजून यायचेत ते धरावेत का,
ठरेना.
तिसऱ्यांदा बाहेर उभी राहून
आपल्याच दाराची कडी वाजवली.

केसरबाई ओट्यावर आल्या.
त्यांच्या फ्रिजात माझं दही असतं,
हे मघाशी सांगायचं राहिलं.
"चादर देऊ का गं?" त्यांनी विचारलं.

झाकावं असं घरात काय आहे,
आठवत मी उभी राहिले.