मागची चाकं

इराण्णा म्हणाला, कशाला अक्का?
गाडी थांबवायचं निम्म्याहून जास्त काम पुढची चाकं करतात,
मागची आपली सोबतीला.
एवढ्या पैशात नवे लायनर बसतील, नवे सिलिंडर,
वर माझी मजुरी सुटेल.
खरंय तुझं, म्हटलं. तरी कर.

परशादादा आता चालवत नाही. साखरेनं डोळे नेले.
वीस वर्षं डिकीत व्हॉल्व्ह भरून वास्को गाठणारा माणूस
माझ्या डाव्या हाताला बसतो
आणि चोर्ल्याच्या प्रत्येक वळणाला
उजवा पाय रेटून दाबतो
जिथं पेडल नाही.
मॅटला तिथं भोक पडलंय.

उद्यमबागेत, फौंड्रीच्या भिंतीला पाठ लावून शेड.
झेन घोड्यांवर चढवलेली, मागं नागडी.
उजवा ड्रम निघेना.
कडेकडेनं ठोके, मग डिझेल, मग बिडी संपेपर्यंत वाट,
परत ठोके.
सुटला तेव्हा आतनं काळी भुकटी सांडली बचकभर:
जांबोटी, कणकुंबी, सुर्ल्याचा उतार,
दादा जिथं जिथं वेळेत थांबला
तिथली तिथली शिल्लक.
तोंड बांध, इराण्णा ओरडला, श्वासात जाऊ देऊ नको.

ड्रमचं असं, तो सांगू लागला, सगळं झाकून.
तापला तरी आतल्या आत, पाणी शिरलं तरी आतल्या आत,
वरनं काही कळत नाही.
डिस्क उघडी. झिजली तर दिसते.
मी ओढणी नाकावर घट्ट केली, बोलले नाही.
आमच्या घरात सगळे ड्रमच.

कॅलिपर भंगारातले, दुसऱ्याच गाडीचे.
ब्रॅकेट कुठं मिळेना, म्हणून सांबरेकरच्या लेथवर.
पहिलं दीड एमएमनं चुकलं; डिस्क एका गालाला घासायची.
सांबरेकरनं ते उचललं, उजेडात धरलं,
एक शिवी मराठीत दिली, एक कानडीत,
आणि नवी प्लेट कापायला घेतली.
हँडब्रेकची केबल चार बोटं आखूड.
तीही झाली. कशी, ते विचारू नये.

शिवाय एक व्हॉल्व्ह लागतो, मागचा जोर आवरायला.
मागची चाकं पुढच्यांच्या आधी अडली
तर गाडी स्वतःभोवती फिरते.
मागच्यानं, इराण्णा म्हणाला, पुढच्यापेक्षा शहाणं व्हायचं नाही.
दादा स्टुलावर बसून हसला. धाकटी मी.

मग हवा काढायची.
मी सीटवर, तो गाडीखाली, मध्ये फक्त आवाज.
ओत्तु.
दाबलं.
हिडि.
धरलंय.
नळीतनं बुडबुडे बाटलीत; पेडल पायाखालनं बुडालं,
विहिरीची पायरी निसटावी तसं.
बिडु.
सोडलं.
चार चाकं. कितीदा, ते मोजलं नाही.
पाटीवरच्या अक्षरांसाठी जिथं काचा फुटतात
त्या गावात तासभर आम्ही
दोन भाषांत एकच पाय चालवला.
शेवटी पेडल ताठ झालं
आणि दादा स्टुलावरनं म्हणाला, आता लागलं.
त्याला कसं कळलं?

रविवारी चोर्ला.
मागनं ती जुनी कुंथणारी कुरकुर नाही.
मागं काय वाजना झालंय गे, दादा म्हणाला,
ब्रेक आहेत न्हवं?
आहेत, म्हटलं.
पुढच्या वळणाला त्यानं पाय दाबलाच,
त्याच भोकात.

परतताना कणकुंबीला चहा.
उतारावर गाडी लावली, हँडब्रेक ओढला, सात दाते. धरला.
दादा उतरला, पत्र्याला हात लावत लावत मागं गेला,
डिकीतनं मलप्रभेतला तो जुना दगड काढला,
चाकाखाली सारला, बोटांनी चाचपून पाहिला.
मग म्हणाला, हं.
सांग चहा.