पंधरा शब्दांत

बिंदू चौकात रद्दीच्या ढिगात वीस रुपयांना मिळालं.
करंगळीएवढंही जाड नाही.
मलपृष्ठावर छापलंय: यातला एकही शब्द माझा नाही.
सगळं उचललेलं, भिंतींवरून, औषधाच्या पुड्यांवरून, पंचनाम्यांतून.
त्यानं फक्त ओळी तोडल्यात.

पहिलीच कविता लिफ्टमधली:
लिफ्ट अडकल्यास घाबरू नये
आत पुरेशी
हवा आहे
मी हसलो. मग 'पुरेशी'पाशी परत आलो.

पुराची एक आहे. राजाराम बंधारा, त्रेचाळीस फूट,
नागरिकांनी घाबरून जाऊ नये,
चव्वेचाळीस, घाबरून जाऊ नये,
पंचेचाळीस.
शुक्रवार पेठेतल्या आमच्या जिन्याला
सहाव्या पायरीवर ती रेघ अजून आहे.

शवागाराची यादी मी घाईनं उलटली.
निळा शर्ट, बटणं सगळी लावलेली. एवढंच वाचलं.

खरं सांगायचं तर लई भारी वाटत होतं.
भुताशिवायची भीती. चहावर साय धरली.
मग पान एकतीस:

उत्तम जिथे असशील
तिथून निघून ये
आई आजारी आहे
कोणी रागावणार नाही
पैसे लागल्यास कळव

स्वल्पविराम काढलाय कवीनं,
त्यामुळं अंधारातून कुणी शाबासकी देतंय असं वाटतं.
ते नाव होतं.
उत्तम सर्जेराव चौगले, वडणगे, वय एकोणीस.
छोट्या जाहिरातींच्या खिडकीत तेव्हा मी बसायचो.
पंधरा शब्द चाळीस रुपये, पुढं शब्दाला तीन.
सर्जेरावांकडं चाळीसच होते
आणि वहीचा कागद दोन्ही अंगांनी भरलेला.
"कुठलं काढायचं वं?" म्हणाले.
मी लाल पेन घेतलं.

म्हैस व्याली, रेडी झाली. काढलं.
तुझी सायकल पुसून ठेवलीय. काढलं.
आई रात्री दाराला कडी लावत नाही,
मलाही लावू देत नाही.
ते तर दीड ओळ खात होतं.

आई आजारी आहे, हे मी घातलं.
"ती आजारी न्हाई वं," सर्जेराव म्हणाले.
म्हटलं, अशानं पोरं येतात.
सगळ्यांना तेच द्यायचो.

आला का उत्तम, मी कधी विचारलं नाही.
सव्वीस वर्षं झाली.
कवीला पत्र लिहायला बसलो:
पुस्तक जमलंय, पण पान एकतीसची कविता
अर्धी माझ्याकडं आहे.
पुढं सुचेना.

दोन वाजता खालचं दार बघायला उठलो.
कडी लागलेली होती.
तिच्यावर हात ठेवून
किती वेळ उभा होतो कोण जाणे.