एकाचा कौल

मोरगिरीच्या पुढे एस.टी. वळते तिथे उतरायचं,
मग ओढ्याच्या कडेने वर.
राईच्या तोंडाशी चपला काढ, इठाबाई म्हणाल्या,
आणि ती टेपसुद्धा कपाळाला लाव एकदा,
आईला कळू दे कशाला आलीस.

माझ्या हातात पंचायत समितीचा तक्ता :
झाडाचं नाव, घेर, अंदाजे वय, मालकी, शेरा.
मालकीत काय लिहू, विचारलं
तर त्या हसल्या.
कुंभजाईचं आधार कार्ड काढलंय का कुणी अजून?

आत अकरा वाजताच दिवेलागण.
मांडीएवढा गारंबीचा वेल
या झाडावरून त्या झाडावर गेलेला,
वाढप्याने पंगतीतून वाट काढावी तसा.
हिरडा. किंजळ.
एक जांभूळ, त्याच्या ढोलीत म्हणे
गाभण शेळी तीन रात्री राहिली होती
आणि वाघरू बाहेर बसून गेलं.

टेप पाच मीटरची. पुरली नाही.
मग इठाबाईंचा नातू प्रज्वल पलीकडून चिकटला,
मी अलीकडून.
बोटाला बोट लागेना.
गाल टेकला माझा सालीवर,
ओल्या, गार, मुंग्यांची रहदारी चालू असलेल्या.
तक्त्यात लिहिलं : दोन माणसं आणि एक वीत.
मग खोडून मीटर लिहिले.

इथली काडीसुद्धा चुलीत जात नाही.
मागच्या वादळात पडलेला बेहडा
पडला तिथेच कुजतोय निवांत, अंगावर अळंबी घेऊन.
"पडलं म्हंजी गेलं न्हाई,"
एवढंच बोलल्या आणि पुढे झाल्या.

"कराडात कुणाची गं तू?"
शिवलिंग शेट्यांची. वखार होती आमची.
त्या थांबल्या.
एक पान खाली येईपर्यंत थांबल्या.

"भूकंपाच्या साली मी नवी नवरी.
गाव आडवं. आढ्याला लाकूड न्हाई.
तवा कौल लावला,
आईनं उजवी कळी दिली, एका झाडाची.
कापून द्यायला कराडचा शेट आला, ट्रक घिऊन.
एकाचा कौल हुता, पोरी.
पडली तीन."

शिव्या नाहीत, सुस्कारा नाही,
दूध किती लिटर घातलं सांगावं
तसा आकडा सांगितला.

माझं अभ्यासाचं टेबल एका फळीचं होतं.
तांबूस, दोन हात रुंद, कुठेच सांधा नाही.
नाणा आहे, आप्पा म्हणायचे, असला आता मिळत नाही.
बोलताना कानात अडकलेला भुसा करंगळीने काढायचे.
त्या फळीवर कोपरं टेकून मी
झाडांची लॅटिन नावं पाठ केली,
त्यांच्यावरच तर ही नोकरी लागली.

"दाखवा," म्हटलं.
उतारावर, नेच्याच्या मागे, तीन बुंधे.
दोन मातीत मिसळत आलेले.
तिसऱ्याच्या कडेने दोन फुटवे आलेले,
फुटवे कसले, आता तेच दुमजली झाडं,
साल कात टाकल्यासारखी गुळगुळीत,
आणि मधे पोकळ, जिथे झाड होतं.

तक्त्यात नसलेल्या झाडाला रकाना नाही.
तरी मी वाकले, मोजलं.
बुंध्याला टेप पुरली.
तेवढंच वाईट वाटलं मला, खरं सांगायचं तर,
बाकीचं अजून यायचं आहे.

"आप्पा हाईत?"
नाहीत. अकरा वर्षं झाली.
"बरं," इठाबाई म्हणाल्या,
आणि कनवटीची सुपारी काढून
माझ्या हातात दिली, ठेव म्हणाल्या.
कुठे, ते सांगितलं नाही.
मी पोकळीत ठेवली.

शेऱ्यात लिहिलं : एकाचा कौल होता.
साहेब विचारतील, हे काय.

राईच्या तोंडाशी चपला घालताना
गुडघ्याला चिकटलेलं पान
प्रज्वलने बघितलं आधी.
"मॅडम, ते न्यायचं नाही."
मी परत फिरले,
चार पावलं आत,
आणि खाली ठेवलं.